पंडिता रमाबाईंची प्रार्थना

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते. पण ते घेताना आपण एक काळजी घेतो. संस्कृत विदुषी म्हणून, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या म्हणून, बालविधवांना आसरा देणाऱ्या समाजसुधारक म्हणून त्यांचा गौरव करायचा आणि त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेचा विषय निघाला की घसा खाकरून पुढच्या मुद्द्याकडे वळायचे, अशी ती काळजी. जणू एका देहात दोन रमाबाई राहत होत्या. त्यातल्या एकीला आपण घरात घ्यायचे आणि दुसरीला अंगणात उभे करायचे. मला ही वाटणी कधीच पटली नाही. कारण ज्या कामासाठी आपण त्यांना नमस्कार करतो ते काम त्या अंगणातल्या रमाबाईंनीच केले.

मी ख्रिस्ती नाही. त्यामुळे त्यांच्या धर्माची वकिली करण्याचा अधिकार मला नाही, आणि तसा हेतूही नाही. पण एक प्रश्न मला वर्षानुवर्षे सतावत आला आहे. वयाची चोवीस वर्षे पुरी होण्याआधी ज्या बाईने वडील, आई, बहीण, भाऊ आणि नवरा अशी पाच मरणे पाहिली, त्या बाईने पुढची चाळीस वर्षे हजारो अनाथ मुलीबायकांची आई होऊन काढली. हे बळ कुठून आले? रमाबाईंनी स्वतः याचे उत्तर कधी लपवले नाही. प्रार्थना, आणि मेलेला ख्रिस्त पुन्हा उठला या गोष्टीवरचा विश्वास, हे त्यांचे उत्तर होते. ते आपल्याला पटो वा न पटो, समजून घ्यायला काय हरकत आहे?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. हा भाग आज कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे जुन्या वळणाचे वैष्णव पंडित, पण एका बाबतीत जगावेगळे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या घरातली स्त्री संस्कृत शिकते आहे हे त्यांनी तरुणपणी पाहिले होते, आणि तेव्हापासून आपल्याही बायकोला शिकवायचे असे त्यांच्या मनाने घेतले होते. दुसऱ्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवले. भोवतालच्यांनी त्यावर गहजब केला, तेव्हा ते रानात जाऊन राहिले. तिथे लक्ष्मीबाई शिकल्या आणि पुढे त्यांनीच आपल्या धाकट्या मुलीला शिकवले. पहाटे, कामाला जुंपण्याआधी, आईच्या तोंडून ऐकून रमा पाठ करीत असे. भागवताचे १८ हजार श्लोक तिला मुखोद्गत झाले ते असे.

रमा सहा महिन्यांची असतानाच कुटुंबाने गंगामूळ सोडले होते. आल्यागेल्याचे आदरातिथ्य करता करता घर कर्जात बुडाले होते. त्यानंतरचे सारे बालपण तीर्थयात्रेत गेले. देवळाच्या आवारात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगायचे, श्रोते जे ठेवतील त्यावर निर्वाह करायचा आणि उरलेले दानधर्मात घालायचे, असा या कुटुंबाचा क्रम होता. देवावर त्यांची श्रद्धा निखळ होती. म्हणूनच पुढे जे घडले ते रमाच्या मनावर इतके खोल कोरले गेले.

१८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला माणसे उरली नाहीत. जी उरली त्यांच्या हातात द्यायला काही नव्हते. मजुरी करावी तर ब्राह्मणपणा आड येत होता, भीक मागावी तर अभिमान. होते नव्हते ते विकून देवांच्या पूजा झाल्या, ब्राह्मणांना दाने झाली, उपास झाले, मंत्रांची आवर्तने झाली. शेवटी रानातली पाने खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. अंध झालेल्या वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. मुलगा श्रीनिवास आडवा आला; मी मजुरी करीन, पण हे होऊ देणार नाही असे त्याने बजावले. जलसमाधी टळली, मरण टळले नाही. थोड्याच दिवसांत अनंतशास्त्री गेले. जाण्यापूर्वी त्यांनी सोळा वर्षांच्या लेकीला जवळ घेऊन देवाची सेवा करीत सन्मानाने जग असे सांगितले. काही महिन्यांनी आई गेली. तिला खांदा द्यायला चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले. तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची कमी, म्हणून तिने तिरडीचा दांडा डोक्यावर घेतला. त्यानंतर थोरली बहीण कृष्णाबाई गेली.

या प्रसंगाकडे नीट पाहिले पाहिजे. हे कुटुंब नास्तिक नव्हते, आळशीही नव्हते. प्रार्थना म्हणून जे काही त्यांना ठाऊक होते ते सर्व त्यांनी केले होते. इतके दिले म्हणजे तितके मिळेल, इतकी आवर्तने झाली की देव प्रसन्न होईल, हा त्या प्रार्थनेचा हिशेब होता. हिशेब त्यांच्या बाजूने पुरा झाला होता, आणि समोरून काहीच आले नव्हते. पुढे भाऊबहीण पायी हिंदुस्थानभर हिंडले. नदीकाठी वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून थंडीच्या रात्री काढाव्या लागल्या. या भटकंतीत त्यांचा मूर्तीवरचा आणि कर्मकांडावरचा विश्वास हळूहळू गळून पडला. तो कुठल्या पाद्र्याच्या व्याख्यानाने गेला नाही, उपासमारीने गेला. रमाबाईंचे धर्मांतर ज्यांना परक्यांनी घातलेली भुरळ वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. त्याच शहरात तिने ख्रिस्ती प्रार्थना पहिल्यांदा पाहिली. कुणाच्या तरी बोलावण्यावरून भाऊबहीण ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याला गेले होते. तिथे माणसे खुर्च्यांपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून काही पुटपुटत होती. समोर मूर्ती नाही, तसबीर नाही. तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करतात असाच या दोघांचा समज झाला! ही गंमत रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवली. ज्या बाईचे नाव पुढे प्रार्थनेशी कायमचे जोडले गेले तिची प्रार्थनेशी पहिली भेट अशी विनोदी होती.

कलकत्त्यातच त्यांना अंतःपुरातल्या बायकांपुढे धर्मशास्त्रावर बोलायला सांगण्यात आले आणि त्यासाठी त्यांनी स्मृती बारकाईने वाचल्या. बाकी हजार गोष्टींत एकमेकांशी न जुळणारे हे ग्रंथ एका गोष्टीवर एकमत आहेत, स्त्री स्वभावतःच हीन आहे आणि नवऱ्याच्या पायांपलीकडे तिला गती नाही, असा निष्कर्ष त्यांच्या पदरी पडला. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेद दिले. ब्राह्मो समाजाच्या सहवासात एकेश्वराची कल्पना त्यांना पटली. पण पटणे वेगळे आणि आधार सापडणे वेगळे.

मरणे थांबली नव्हती. १८८० मध्ये श्रीनिवास ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. नवरा ब्राह्मण नव्हता. त्या काळात हे केवढे धाडस होते ते सांगायला नको. आसामातल्या सिलचरला त्यांचा संसार सुरू झाला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि ४ फेब्रुवारी १८८२ ला बिपिनबिहारी पटकीने गेले. मूल दहा महिन्यांचेही नव्हते. सिलचरच्याच घरात, नवऱ्याच्या पुस्तकांत, रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली होती. एक बाप्टिस्ट मिशनरी येऊन काही समजावून सांगत असे. आपण ख्रिस्ती व्हावे असा विचार त्यांनी बोलून दाखवला तेव्हा नवऱ्याला तो रुचला नव्हता. विचार तिथेच राहिला.

रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले, हंटर आयोगापुढे स्त्रियांना डॉक्टर आणि शिक्षिका होण्याची सोय हवी म्हणून साक्ष दिली. हे सारे १८८२ या एका वर्षातले. दुसऱ्या वर्षी वैद्यक शिकायला म्हणून त्या इंग्लंडला गेल्या. कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्याने वैद्यक शिकणे जमले नाही. वाँटेजच्या जोगिणींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने तिथे आत्महत्या केली. परक्या देशात हे सहावे मरण त्यांच्या डोळ्यांदेखत घडले. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

त्यांना ओढ कशाची लागली हे त्यांनी स्पष्ट सांगून ठेवले आहे. लंडनजवळ फुलहॅम येथे या जोगिणी वाट चुकलेल्या बायकांना जवळ करून त्यांची सेवा करीत. अशा बायकांकडे ज्या नजरेने पाहायला आपण लहानपणापासून शिकलो त्या नजरेपेक्षा ही नजर निराळी आहे, हे रमाबाईंना जाणवले. ही नजर कुठून आली असे त्यांनी विचारले, तेव्हा एका जोगिणीने त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची गोष्ट वाचून दाखवली. फादर नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाने त्यांच्या शंकांना उत्तरे दिली. तरी बाई कुणाच्या मुठीत गेल्या नाहीत. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, धर्मगुरूंचा अधिकार यांवरून त्यांचा आपल्या धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डिन यांच्याशी, पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, इथपर्यंत तो गेला. त्या शाकाहारी राहिल्या, पांढऱ्या साडीत राहिल्या. धर्म बदलला तरी आपला देश, आपले अन्न आणि आपला स्वाभिमान त्यांनी बदलला नाही.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तिथे १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे आपले गाजलेले इंग्रजी पुस्तक लिहिले, बॉस्टनच्या मंडळींकडून दहा वर्षांच्या मदतीचे वचन मिळवले, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. गोदूबाई जोशी ही बालविधवा तिथलीच विद्यार्थिनी. धोंडो केशव कर्व्यांशी विवाह होऊन त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

इथवरच्या रमाबाई आपल्याला ओळखीच्या आहेत. आता अंगणातल्या रमाबाईंकडे वळू.

१८९१ च्या सुमारास, बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर, आपल्याला धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना तीव्रतेने वाटू लागले. या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. स्वतः प्रवचने देणाऱ्या या गृहस्थाला आपल्याच प्रवचनाच्या वेळी श्रद्धेचा साक्षात्कार झाला होता. पुस्तकाचे नाव ‘फ्रॉम डेथ इंटू लाइफ’, म्हणजे मरणातून जीवनात. मरणांच्या रांगेतून आलेल्या बाईच्या हाती नेमक्या याच नावाचे पुस्तक पडावे, हा योगायोग मला नेहमी थबकवतो. ते वाचून झाल्यावर आपल्याला काय हवे आहे ते त्यांना कळले. बुद्धीला पटलेला सिद्धान्त त्यांच्याजवळ होताच. त्यांना जिवंत सोबत हवी होती. आणि जो मेला व तिथेच संपला त्याची सोबत कशी मिळणार? ख्रिस्त उठला असेल तरच तो आज ऐकतो. तो ऐकत असेल तरच प्रार्थनेला अर्थ. रमाबाईंच्या श्रद्धेची मांडणी इतकी सरळ आहे.

इथे एक फरक सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपल्या अंगवळणी पडलेली कल्पना पुनर्जन्माची. पुनरुत्थान ही वेगळी गोष्ट आहे. पुनर्जन्मात आत्मा जुने वस्त्र टाकून नवे घेतो. मागचे नाव, मागचा चेहरा, मागची नाती सुटतात, फक्त कर्माची शिल्लक पुढे येते. पुनरुत्थानात तेच माणूस, त्याच नावाने, अंगावरच्या जखमांसकट उठते. शुभवर्तमानांतला उठलेला ख्रिस्त शिष्यांना आपल्या हातांवरचे वण दाखवतो. तत्त्वज्ञान म्हणून दोन्हींवर भरपूर वाद घालता येईल. पण विधवेच्या आयुष्यात या फरकाने काय होत होते ते पाहा.

माझ्या लहानपणी आमच्या घरात वडिलांची आत्या होती. तांबडे अलवण, केशवपन केलेले डोके, एकवेळचे जेवण. नवव्या वर्षी विधवा झालेली. तिला नवऱ्याचा चेहरा आठवत नसे. आपल्या वाट्याला हे का आले असे कुणी विचारले तर मागच्या जन्मी मी काहीतरी पाप केले असेल, असे ती अगदी शांतपणे सांगे; जसे कुणी आपले गाव सांगावे तसे. त्या शांतपणाची मला अजून भीती वाटते. तिच्यावर कुणी हात उगारला नव्हता, तिला कुणी उपाशी ठेवले नव्हते. फक्त ती अपराधी आहे हे तिच्यासह सर्वांनी मान्य केले होते. रमाबाईंनी आपल्या इंग्रजी पुस्तकात नेमके हेच दुखणे मांडले होते. नवऱ्याच्या मृत्यूचा दोष मुलीच्या मागल्या जन्मावर घातला जातो आणि शिक्षा मात्र या जन्मी, या देहाला होते.

कर्माच्या सिद्धान्ताचा हाच एक अर्थ आहे असे मी म्हणत नाही. आपल्या संतांनी त्याच परंपरेत राहून पददलितांना जवळ केले, हेही खरे. पण रमाबाईंनी तो सिद्धान्त ग्रंथात नव्हे, माजघरात पाहिला होता. तिथे ज्या बाईला जिवंतपणी मेलेली ठरवले होते, तिच्याकडे पुनरुत्थानावर विश्वास ठेवणारी बाई कोणत्या नजरेने पाहील? जो देव मेलेल्याला उठवतो त्याच्या दृष्टीने कुणीही टाकून देण्याजोगे नाही. हे शरीर, हेच नाव, हाच जन्म मोलाचा आहे. माझ्या मते रमाबाईंच्या सगळ्या कामाचे मूळ इथे आहे. त्यांची आशा मरणानंतरच्या सुखाची वाट पाहत बसलेली नव्हती; ती मरणाच्या अलीकडे, माणसांनी मृत ठरवलेल्यांकडे वळली.

या श्रद्धेची किंमत त्यांना लवकरच मोजावी लागली. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे वचन होते. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करीत. दार मात्र लावत नसत. उघड्या दारातून काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. विश्वासाने मुली सोपवणाऱ्यांची बाजू अगदीच चूक होती असे म्हणता येत नाही. पण रमाबाईंची अडचणही समजण्यासारखी आहे. ज्यावर आपण उभ्या आहोत ती गोष्ट दार लावून करायची, हे त्यांना लपवाछपवीचे वाटले. दार उघडेच राहिले.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या आल्या तेव्हा रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीचा आपला दुष्काळ आठवला असणार. गाठीला फारसा पैसा नसताना त्या निघाल्या आणि दुष्काळी छावण्यांतून, रस्त्यांच्या कडेने, दलालांच्या तावडीतून मुली गोळा करीत फिरल्या. पहिल्या खेपांत सुमारे ३०० मुली आल्या. हाडांचे सापळे, अंगावर खरूज, काहींच्या मागे सांगता न येण्यासारख्या कथा. पुण्यात तेव्हा प्लेग होता आणि एवढ्या मुलींना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांची मनाई झाली. दौंडच्या वाटेवर केडगावला रमाबाईंनी शेतीसाठी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. त्या उघड्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन.

पुढे १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि तिथूनही मुली आल्या. केडगावची वस्ती दीड हजारांच्या वर गेली. विहिरी खणल्या, शेते पिकवली, गाईगुरे ठेवली. माग, तेलघाणा, शिवण, धुलाई, छापखाना सुरू झाला. वाट चुकलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, अंधांसाठी बार्तिमी सदन निघाले. फुलहॅमला पाहिलेली ती नजर आता केडगावच्या माळावर आली होती.

दीड हजार तोंडांना रोज दोन वेळा अन्न लागते. बॉस्टनच्या मंडळींचे दहा वर्षांचे वचन १८९८ मध्ये पुरे झाले. नवे मंडळ स्थापन झाले, मदत येत राहिली, पण नक्की उत्पन्न असे काही नव्हते. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांनी कुणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ मुले सांभाळली होती. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. त्यांनी तोच मार्ग धरला. लहानपणीची प्रार्थना आणि ही प्रार्थना यांतला फरक इथे दिसतो. तिथे आधी द्यायचे आणि मग फळाची वाट पाहायची असा व्यवहार होता. इथे हिशेब नव्हता. लेकराने आईला भूक सांगावी तशी ही प्रार्थना होती. आणि सांगून झाल्यावर बाई उठून विहिरीच्या कामावर, गोठ्यात, छापखान्यात जात. प्रार्थना त्यांना कामापासून दूर नेत नसे. उठून कामाला लागण्याचे बळ देत असे.

जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी प्रार्थनेसाठी खास गट सुरू केला. प्रथम सत्तरएक बायका जमल्या, पुढे संख्या शेकड्यांत गेली. जूनच्या अखेरीस केडगावात जे घडले ते ख्रिस्ती जगात गाजले. बायका रडत पापे कबूल करू लागल्या, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, काही देहभान विसरल्या. मिनी अब्राम्स या सहकारी बाईंनी ती हकीकत लिहून प्रसिद्ध केली. या भागाशी माझ्यासारख्या वाचकाचे नाते सहज जुळत नाही. दुष्काळातून आलेल्या परावलंबी मुलींच्या धर्मनिष्ठेत स्वेच्छा किती, हा प्रश्नही टीकाकारांनी विचारला आणि तो विचारण्याजोगा होता. तरीही एक गोष्ट मनात येते. ज्या मुलींना रडायलाही कधी कुणी जागा दिली नव्हती, त्यांना हुंदके देऊन मोकळे होण्याची मुभा त्या प्रार्थनेत मिळाली. आणि आपल्याला क्षमा आहे, आपण अपराधी उरलो नाही, हे त्यांनी ऐकले. माझ्या आत्याला तेवढे कुणी सांगितले नाही.

आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षे रमाबाईंनी एका मोठ्या कामाला वाहिली. बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून, खेड्यातल्या अर्धशिक्षित बाईलाही समजेल अशा मराठीत आणायचे. त्यासाठी पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या या दोन भाषा शिकल्या. प्रचलित मराठी भाषांतरातले जड संस्कृत शब्द त्यांना खटकत. अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या पंडितेने संस्कृतप्रचुर मराठीला विरोध करावा यात मोठे मर्म आहे. ज्यांना आयुष्यभर शास्त्रापासून दूर ठेवले त्यांच्या हाती शास्त्र द्यायचे तर ते त्यांच्याच बोलीत दिले पाहिजे. खिळे जुळवणाऱ्या, छपाई करणाऱ्या, पाने बांधणाऱ्या केडगावच्या बायकाच होत्या. काही वर्षांपूर्वी ज्यांना अक्षर ओळखत नव्हते त्या आता ग्रंथ छापीत होत्या.

मनोरमा आता आईचा उजवा हात झाली होती. अमेरिकेत आणि इथे शिकून ती परतली होती, अंध मुलींना ब्रेल शिकवत होती, गुलबर्ग्याला तिने शाळा चालवली. आईनंतर केडगाव तीच सांभाळणार हे सर्वांनी धरून ठेवले होते. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती.

रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. ऐकू जवळजवळ येत नव्हते, प्रकृती खचली होती. सिलचरच्या घरातून ज्या दहा महिन्यांच्या मुलीला उराशी धरून त्या निघाल्या होत्या, जिच्याबरोबर त्यांनी उघड्या दाराच्या खोलीत प्रार्थना केली होती, ती गेली. सोळाव्या वर्षी जे प्रश्न पडले होते ते या वेळी अधिक धार लावून पुढे आले असते तर नवल नव्हते. आयुष्यभर प्रार्थना केली, हजारो लेकी सांभाळल्या, आणि पोटची लेक राहिली नाही. जुना हिशेब असता तर या ठिकाणी श्रद्धा पुन्हा कोसळली असती. ती कोसळली नाही. बाईंनी मुद्रितांचे कागद पुढे ओढले आणि काम चालू ठेवले. हे मन दगडासारखे झाल्याचे लक्षण नव्हे, असे मला वाटते. आपली मुलगी कुठेतरी विरून गेली नाही, ती त्याच नावाने आपल्याला पुन्हा भेटणार आहे, असे मानणाऱ्या आईचे ते दुःख होते. दुःख तेवढेच असते. फक्त त्याला तळ असतो.

बायबलच्या शेवटच्या भागाची मुद्रिते तपासून संपत आली आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई झोपेतच गेल्या. पूर्ण ग्रंथ त्यांच्या मागे, १९२४ मध्ये बाहेर आला. त्या वर्षी ईस्टर, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण, १६ एप्रिलला होता. अवघ्या अकरा दिवसांनी. लेकीच्या जाण्यानंतरचा पहिला ईस्टर त्यांनी पाहिला नाही.

मुक्ती मिशन केडगावला आजही चालू आहे. रमाबाईंच्या देवावर आपला विश्वास असलाच पाहिजे असे नाही. पण त्यांचा गौरव करताना त्यांची प्रार्थना वगळली तर शारदा सदनाची इमारत कदाचित उरेल, केडगावचा माळ मात्र माळच राहील. आईच्या तिरडीचा दांडा डोक्यावर घेतलेल्या त्या मुलीला पुढे दीड हजार जणींचे ओझे पेलले, ते मरण हा शेवटचा शब्द नाही असे तिने मनापासून मानले म्हणून. आणि ज्यांना जगाने मेलेल्यांत जमा केले होते त्यांच्यापाशी जाऊन, एकेकीचा हात धरून, तिने त्यांना उठवून उभे केले.